न उमटणारं हाड

मे महिन्यात आमच्या एक्सरे खोलीबाहेरची गर्दी आंब्यावर ठरते. मोहाडी-साकोलीकडे आंबे पाडाला लागले की पोरं फांद्यांवरून खाली येतात आणि टेकवलेल्या हातावरच पडतात. पावसाळ्यात धानाच्या बांधीतल्या निसरड्या धुऱ्यावरून घसरलेली येतात. सायकलच्या तारांत टाच अडकलेली मात्र बाराही महिने. "पडला जी, फोटू काढून द्या," असं माय म्हणते. फोटो मी काढतो, अहवाल डॉक्टर लिहितात. पण त्यांना काय दिसेल, हे बरंचसं टेबलाजवळच ठरतं.

मोठ्या माणसाचं मोडलेलं हाड कुणालाही दाखवता येतं. काळी रेघ, सरकलेली टोकं. मुलांचं हाड असं सरळ बोलत नाही. ते ओल्या डहाळीसारखं एका बाजूने चिरतं, दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं. कधी मनगटाच्या वर बारीकशी फुगवटी येते, बस्स तेवढीच. आणि खरी अडचण पुढेच आहे: लहान मुलाच्या हाडाचा मोठा भाग अजून कूर्चाच असतो, आणि कूर्चा एक्सरेत उमटत नाही. मोड नेमकी तिथेच असली, तर फोटोत रिकामी जागा दिसते आणि पोर मात्र रडत असतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न वयाचा. कोपरात हाडाचे सहा ठिपके एकामागून एक उगवतात, साधारण पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी. मुलींत थोडे लवकर. आतल्या बाजूच्या उंचवट्याचा ठिपका पाचव्या वर्षाचा, त्याच्या खालचा, सांध्यालगतचा सातव्या. क्रम सहसा चुकत नाही. त्यामुळे सांध्यालगत ठिपका दिसतोय आणि उंचवट्याचा जागेवर नाही, असं झालं तर उंचवटा उगवायचा राहिलाय असं समजू नये. तो तुटून सांध्यात जाऊन बसलेला असू शकतो. वय मी बापाला विचारत नाही. तो "दुसरीत आहे" म्हणतो. माय सांगते, "त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला." ते पक्कं असतं.

कोपराचा आडवा फोटो काटकोनात, अगदी बाजूनेच हवा. सांध्यात रक्त साचलं की हाडामागची चरबी वर ढकलली जाते आणि काळसर पट्टी दिसते. मोड दिसली नाही तरी ती पट्टी सांगते की आत काहीतरी झालंय. पण हात सरळ ठेवून फोटो काढला तर हीच पट्टी धडधाकट कोपरातही दिसू शकते, आणि डॉक्टरांची उगाच दिशाभूल होते. मात्र कोपर वेडंवाकडं सुजलेलं असेल तर काटकोनाचा हट्ट सोडायचा. हात आहे तसा राहू द्यायचा, ट्यूब फिरवायची. मायला शिशाचा एप्रन घालून पोराजवळ उभं करायचं. आधी ती गरोदर नाही ना, हे विचारून. आणि कुणी हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या घट्ट आवळून आणल्या असतील, बोटं थंड पडली असतील, तर फोटो थांबू शकतो, डॉक्टरांना हाक आधी. अशा आवळण्याने हात कायमचा आखडतो, हे फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 मध्येच लिहून ठेवलंय.

नुकतं चालायला लागलेलं लेकरू पाय टेकत नाही आणि फोटो स्वच्छ येतो, तेव्हा दहा-बारा दिवसांनी परत बोलावतात. तोवर हाडाच्या कडेने नव्या हाडाची पांढरी रेघ येते आणि जुनी मोड कळते. रोवणीच्या दिवसांत हे सांगणं जड जातं, कारण मजुरी बुडते. तरी सांगतो. अशीच रेघ आमच्या भागात न पडताही दिसते: तान्ह्याची बोटं सुजलेली, हाडाला नवी कड. तिथे डॉक्टर प्लास्टरआधी सिकलसेलची रक्ततपासणी लिहितात. विदर्भात हे विसरून चालत नाही.

वाढीच्या कूर्चेच्या, म्हणजे ग्रोथ प्लेटच्या मोडींचे पाच प्रकार टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस यांनी 1963 मध्ये मांडले. पहिल्या प्रकारात फोटो निर्दोष वाटू शकतो. पाचव्यात कूर्चा चेंगरते, आणि ते बहुधा वाढ थांबल्यावरच ध्यानात येतं. हाताचं हाड थोडं तिरपं जुळलं तर लहान वयात वर्ष-दोन वर्षांत बरंचसं सरळ होतं, म्हणून माय "वाकडंच बसवलं" म्हणून भांडायला आली तर तिला खुर्ची द्यावी, फोटो दाखवावा. पीळ पडून जुळलेलं मात्र आपोआप सुधारत नाही.

ग्रोथ प्लेटच्या मुलांना सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा यायला सांगतो, आणि जुना फोटोही आणायला. मोबाईलवर टिपलेला चालत नाही. दुखण्याच्या काळात वाढ मंदावते, तिची एक बारीक रेघ हाडात राहते आणि हाड वाढलं की ती ग्रोथ प्लेटपासून लांब जाते. रेघ प्लेटला समांतर सरकली तर वाढ सारखी चाललीय. ती तिरपी होऊन एका टोकाला प्लेटला चिकटली, तर तिथे वाढ अडलीय. चिठ्ठी नागपूरची होते, आणि ती त्याच दिवशी व्हावी एवढाच माझा आग्रह असतो.