जाळी

भोकरदन सोडलं की काळी रानं मागे पडतात, मुरूम लागतो आणि उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर उठतो. अजिंठा म्हटलं की जगाला लेणी आठवतात. आम्हा पायथ्याच्या लोकांना तो पाण्याचा डोंगर. पूर्णा तिथूनच निघते; केळना पुढे तिला मिळते. केळनेकाठचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची-भरहूतच्या दात्यांच्या लेखांत त्याचं नाव आहे, आणि इथल्या उत्खननात निघालेली हस्तिदंती बाई थेट इ.स. ७९मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईतल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी.

पण माझा ओढा जयदेववाडीकडे, जाळीच्या देवाकडे. जाळी म्हणजे काटेरी झुडपांची दाटी, वाघ दुपार काढतो ती जागा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी इथल्या जाळीत आले आणि वाघिणीची पिलं त्यांनी मांडीवर घेतली, असं महानुभाव सांगतात. लहानपणी आई ही गोष्ट सांगायची तेव्हा मला स्वामींपेक्षा वाघिणीचीच काळजी वाटायची. ती परत आली तेव्हा काय झालं, ते आईनं दरवेळी वेगळं सांगितलं.

देवाला सोन्याचं, रुप्याचं, डोंगराचं नाव मिळतं. झुडपाचं नाव मिरवणारा देव मी दुसरा पाहिला नाही.

परवा गेलो तर पळस पेटला होता. सालई, धावडा, मोह अजून आहेत, पण विरळ. सागाचे बुंधे कुऱ्हाडीनं कापलेले, खाली वणव्याची काळी राख. प्रसादाच्या दुकानातल्या मावशींना विचारलं, वाघ दिसतो का?

"वाघ कुठला भाऊ आता? रोही अन् डुकरं हायेत. मका ठिवत नाहीत."

मग मी त्यांना टिपेश्वरच्या वाघाची गोष्ट सांगितली. २०१९मध्ये यवतमाळातून निघालेला तो तरुण नर गावं, शेतं, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटर चालून याच डोंगररांगेतल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मावशींनी नारळ फोडता फोडता विचारलं, "एकटाच?"

एकटाच.

देवळामागे उतारावर गेलो. दाट जाळी होती खरी, पण घाणेरीची. परदेशातून शोभेला आणलेलं आणि आता सगळं रान व्यापलेलं झुडूप. आत काहीतरी हललं. मी श्वास धरून उभा राहिलो.

शेळी होती.