पाहुणेमंडळी आणि कल्याणचे लॉज

कल्याणला कसारा आणि कर्जत अशा दोन वाटा फुटतात. म्हणून कल्याणात लग्नकार्य असले की नाशिककडची आणि पुण्याकडचीही मंडळी इथेच उतरतात. यजमानाचे घर चाळीतले, एका खोलीचे. मग वयस्कर आईला, लेकीसुनांना रात्रीपुरते लॉजवर ठेवावे लागते.

पश्चिमेला स्टेशनबाहेरच एसटी स्टँड, आणि आसपास लॉज. सोय खरी; पण कित्येक ठिकाणी खाली परमिट रूम आणि वर लॉजिंग असते. बारच्या पाटीवर ‘फॅमिली रूम’ वाचून हुरळून जाऊ नये. ती बसून जेवण्याची खोली, निजण्याची नव्हे! पूर्वेला हाजीमलंग रोडकडे ऑर्केस्ट्रा बार. डान्स बारवर २००५ साली बंदी आली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने अटी सैल केल्या, पण नाचाची वेळ रात्री साडेअकरापर्यंतचीच ठेवली. बार सुटला की गिऱ्हाईक रिक्षासाठी रस्त्यावर येते, आणि खरा गोंगाट तेव्हा सुरू होतो.

तेव्हा नुसती दिवसा खोली पाहून पैसे भरू नका. घरातल्या कोणीतरी आधी एकदा रात्री उशिरा तिथे चक्कर मारावी. खोली मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची मागावी. पण आईचे गुडघे दुखत असतील तर लिफ्टचे आधी विचारावे. भाडे चोवीस तासांचे की दुपारी बाराला खोली सोडायची, हेही. प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत हवे. शे-दोनशे जास्त गेले तरी स्टेशनपासून थोडे आत, वस्तीतले लॉज बरे. आणि रात्री एखादी बाई एकटीच पाण्याची बाटली आणायला खाली उतरली तर जिन्यात कोण भेटेल, हे स्वतः जिना उतरून पाहावे.