न्यूमोनियाचा रुग्ण आणि खाटेजवळची माणसं

न्यूमोनियाने दाखल झालेल्या रुग्णाचे नातेवाईक राउंडच्या वेळी मला बहुतेकदा एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, अँटिबायोटिक चांगलं दिलंय ना?" प्रश्न योग्यच आहे. पण अँटिबायोटिक फक्त जंतूंना मारतं. साचलेला कफ बाहेर पडायला मदत करणं आणि रुग्ण बिघडतोय हे वेळेत ओळखणं ही कामं मुख्यतः सिस्टरची. तुम्ही रुग्णाजवळ बसणार असाल, तर थोडी तुमचीही.

कूस का बदलायची?

न्यूमोनियात फुफ्फुसातल्या वायुकोशांना सूज येते, त्यांत द्रव आणि पू साठतो. तेवढ्या भागातून रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही. रुग्ण सतत उताणा पडून राहिला की छाती पूर्ण फुलत नाही आणि कफ तिथेच साठून राहतो. म्हणून सिस्टर खाटेचा डोक्याकडचा भाग 30 ते 45 अंश वर ठेवतात. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात. "आत्ताच डोळा लागलाय हो, राहू द्या ना," असं म्हणून त्यांना थांबवू नका. पाठीवरच्या जखमाही त्यामुळेच टळतात.

श्वास मोजणं

आमच्या वॉर्डात सत्तरीतले एक आजोबा होते. ताप उतरला होता, ऑक्सिजन 94 होता, मुलगा घरी कधी सोडणार म्हणून विचारत होता. रात्रपाळीच्या सिस्टरने मात्र पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजले. 32 भरले! मोठ्या माणसाचे आरामात असताना मिनिटाला 12 ते 20 श्वास होतात. 30 किंवा त्याहून जास्त म्हणजे धोक्याची खूण. शरीर श्वासाची गती वाढवून ऑक्सिजन सांभाळून घेत असतं, त्यामुळे मशीनवरचा आकडा काही वेळ बरा दिसतो. सिस्टरने मला लगेच फोन केला. एक्स-रेत छातीत पाणी झालेलं दिसलं, ते काढावं लागलं. दहा दिवसांनी आजोबा चालत घरी गेले.

तुम्ही काय करू शकता?

- खाऊ-पिऊ घालताना रुग्णाला नीट बसवा, आणि नंतरही अर्धा तास आडवं करू नका. ग्लानीत असेल तर "दोन घास तरी" म्हणून भरवू नका. घास श्वासनलिकेत गेला तर त्यातूनच नवा न्यूमोनिया होऊ शकतो.
- सकाळ-संध्याकाळ दात घासून द्या. कवळी असेल तर रात्री काढून स्वच्छ धुऊन ठेवा. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात.
- तीन चेंडूंचं स्पायरोमीटर दिलं असेल तर त्यात फुंकायचं नसतं, हवा सावकाश आत ओढायची असते.
- कफ बाहेर पडू द्या. घरचं खोकल्याचं औषध गुपचूप पाजू नका.
- ऑक्सिजनची कळ स्वतः फिरवू नका. सीओपीडी असलेल्या काही रुग्णांत आम्ही मुद्दाम 88 ते 92 एवढाच ऑक्सिजन ठेवतो. जास्त दिल्याने त्यांना अपाय होऊ शकतो.
- रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा.

लगेच कधी सांगायचं?

बोलताना वाक्य तुटू लागलं, ओठ निळसर दिसले, लघवी खूप कमी झाली, किंवा रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसांत कधीकधी ताप नसतोच, असंबद्ध बोलणं हीच पहिली खूण असते. "वयामुळे बरळतात" असं समजून गप्प बसू नका.

सिस्टरला एका वेळी अनेक खाटा सांभाळायच्या असतात, तुम्हाला एकच. कालपेक्षा आज आई वेगळी वाटते, हे तुम्हाला सर्वांत आधी कळतं. कळलं की तसंच सिस्टरला सांगा, "उगाच कशाला त्रास" असा संकोच करू नका. आणि रात्री दोन वाजता त्या तुमच्या माणसाला कुशीवर वळवायला आल्या, तर चादरीचं एक टोक तुम्हीही धरा.