घोरणं माझं, लाजही माझीच!

मैत्रिणींनो, घरातल्या घोरण्यावर आपण किती हसतो, नाही? पण ते नवऱ्याच्या! बाईमाणूसही घोरतं, हे कुणी उघड बोलत नाही. मीही बोलले नसते. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या खामगावच्या गच्चीवर माझं बिंग फुटलं.

मे महिन्यात आमच्याकडे घरात झोपवत नाही. सगळ्यांच्या सतरंज्या गच्चीवर. मेहकरची नणंद मुलांना घेऊन आली होती. सकाळी चहा घेताना ती हळूच म्हणाली, "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही लई घोरता. अन् मंधातच तुमचा श्वास थांबते. मले तर भेवच वाटलं!"

मी हसून वेळ मारून नेली. मनातून मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या गच्चीवर ऐकू गेलं असेल का? त्या रात्रीपासून मी एकटीच खाली झोपू लागले.

खरं तर सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी पेंग, हे वर्षभर चाललं होतं. पाळी गेली, वय झालं, म्हणून मी सोडून दिलं. शेजारणीने दिलेली झोपेची गोळीही घेऊन पाहिली. मग एके दिवशी गॅसवर दूध ठेवलं आणि ओट्याला टेकल्या टेकल्या माझा डोळा लागला. जाग आली ती जळक्या वासाने. रांगता नातू पायाशी खेळत होता!

त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ज्यांच्या घोरण्यावर मी अठ्ठावीस वर्षं हसले, ते मुळीच हसले नाहीत. घड्याळ आणि वही घेऊन उशाशी बसले. सकाळी वहीत लिहिलं होतं: '२ वाजून १० मिनिटं, १८ सेकंद श्वास नाही.' खाली अशाच आणखी सात ओळी. मोबाईलवर आवाजही टिपून ठेवला होता.

ती वही घेऊन अकोल्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, आणि मेंदू आपल्याला दचकवून उठवतो. आपल्याला ते आठवतही नाही. पाळी गेल्यावर बायकांत हे वाढतं. झोपेच्या गोळीने तर स्नायू जास्तच सैल पडतात! कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर मी दाखवला, तर म्हणाले, "जागेपणी तो आकडा ठीकच दाखवणार."

त्यांनी एक छोटं यंत्र घरी दिलं. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून एक रात्र झोपायचं. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडण्याचे प्रकार तासाला ५ ते १५ च्या आत असले तर त्रास सौम्य. ३० च्या वर गेले तर तीव्र. माझे ११ निघाले. थायरॉईड आणि रक्तदाबही तपासून घेतला.

उपाय म्हणाल तर घरचेच. गोळी बंद. जुन्या ब्लाउजला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं झालं की टोचतो, कूस आपोआप बदलते. जेवण रात्री आठच्या आत, भात कमी, रोज पाऊण तास फिरणं. सहा महिन्यांत वजन ७४ वरून ६७ किलोवर आलं. पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा ४!

पण सगळ्यांचं चेंडूवर भागेल असं नाही हं. झोपेत गुदमरून उठत असाल, रक्तदाब आवरत नसेल, हृदयाचा आजार असेल किंवा गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. अशांसाठी नाकावाटे हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते पुढे आणलं. डॉक्टर सांगतील तर ते लावायला लाजू नका.

यंदा मेमध्ये मी पुन्हा गच्चीवर झोपले. सकाळी नणंदेला विचारलं, "काय हो वन्सं, घोरले का?" ती म्हणाली, "थोडंसं! पण श्वास काही थांबला नाही."

मैत्रिणींनो, आज रात्री तुमच्याही घरात कुणाला तरी विचारून पाहा.