दाखवायला की चालवायला?

जुन्या मोटरसायकलींच्या स्पेअर पार्टच्या बाजारात ‘ओरिजिनल’ या शब्दाला निदान चार अर्थ आहेत. पहिला अर्थ, कंपनीच्या कारखान्यातून निघालेला, कधीच न वापरलेला, कुठल्यातरी बंद पडलेल्या डीलरच्या माळ्यावर ग्रीस लावून कागदात गुंडाळून राहिलेला माल. हौशी लोक याला एनओएस म्हणतात, म्हणजे ‘न्यू ओल्ड स्टॉक’. दुसरा अर्थ, भंगारात गेलेल्या गाडीचा काढलेला पार्ट. तिसरा, जो कारखानदार कंपनीला माल पुरवायचा त्यानेच नंतर स्वतःच्या डबीत घालून विकलेला. आणि चौथा, काल-परवा कुठल्यातरी शेडमध्ये तयार झालेला, पण दुकानदाराने “एकदम ओरिजिनल” म्हणत काउंटरवर ठेवलेला. शब्द एकच, भाव चार.

हे चार अर्थ मला शिकवले ते येझदी रोडकिंगने. गाडी १९८७ ची, पप्पांची. मी १९९६ चा. त्याच वर्षी म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला. म्हणजे मी शाळेत जायच्या आधीच या गाडीचे पार्ट बनवणारं मूळ घर संपलं होतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जावा ही चेकोस्लोव्हाकियातली कंपनी, १९२९ सालची. यानेचेक या संस्थापकाच्या नावातलं ‘जा’ आणि वांडरर या जर्मन कंपनीच्या नावातलं ‘वा’ मिळून झालेलं नाव. त्यांच्याच परवान्यावर रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा उभी केली आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवरचं ‘जावा’ जाऊन ‘येझदी’ आलं. रोडकिंग १९७८ ची. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांडीवर: दांडी आत दाबून फिरवली की किक, परत खाली आणली की गिअर. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती जादूच वाटते. २०२२ मध्ये येझदी नावाने नव्या गाड्या बाजारात आल्या, पण नाव सोडलं तर त्यांचा आणि आमच्या गाडीचा एक नटसुद्धा जुळत नाही.

पप्पा दूध संघात सुपरवायझर होते. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरच्या संस्था त्यांच्याकडे. पहाटे चारला निघायचं, संकलन सुरू असताना पोचायचं, फॅट तपासायची, नोंदी बघायच्या आणि पुढचं गाव गाठायचं. २००६ ला त्यांनी शंभर सीसीची फोर-स्ट्रोक घेतली आणि येझदी गोठ्याच्या मागे ताडपत्रीखाली गेली. आई गेल्यानंतर पप्पांचं बोलणं कमी झालं. मी पुण्याहून फोन करायचो, तेव्हा “जेवलास? बरं. ठेवतो” एवढ्यात कॉल संपायचा. २०२२ च्या दिवाळीत मी म्हटलं, गाडी उघडूया. ते म्हणाले, “भंगारात घाल. किलोवर जाईल.” पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तेच पान्यांचा डबा घेऊन गोठ्यामागे बसले होते.

पुढची दोन वर्षं महिन्यातून दोन शनिवार-रविवार मी कोल्हापूरला. मधल्या दिवसांत पुण्यात पार्टची शोधाशोध.

पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून तो आठ दिवस भिजत ठेवला, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकून काढला. सिलिंडरचं माप घेतलं. या इंजिनचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर. आमचा भरला ६५.७५. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मोठे मिळतात, म्हणजे हे सिलिंडर तीनदा बोअर झालेलं. “तीनदा,” पप्पांनी मान डोलावली. “एकदा मलकापूरच्या पुढं घाटात जाम झाली. एकदा अनुस्कुऱ्याकडं. तिसऱ्यांदा तू दवाखान्यात होतास, तवा.” तिसऱ्या वेळची गोष्ट मला माहीतच नव्हती. मला न्यूमोनिया झाला होता, मी दोन वर्षांचा होतो. बाजारभोगावहून सीपीआरपर्यंत येताना पप्पांनी इंजिनला उसंतच दिली नव्हती.

ऑफिसात आम्ही कोडमध्ये कोणी, कधी, काय बदल केला याची नोंद ठेवतो. जुना प्रोजेक्ट हातात आला की आधी ती नोंद वाचतो. या गाडीची नोंद पप्पांच्या डोक्यात होती आणि एकेक नट सुटेल तशी बाहेर पडत होती.

पार्ट शोधताना एक गोष्ट लवकर कळते. ज्या पार्टला नंबर आहे तो मरत नाही, ज्याला फक्त नाव आहे तो मरतो. बेअरिंगचं बघा. ६२०५ नंबरचं बेअरिंग म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिलिमीटर. ते जपानमध्ये बनलेलं असो की पुण्यात, माप तेच. ऑईल सीलचंही तसंच, तीन आकडे सांगितले की कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ‘येझदीचं सील आहे का?’ विचारलं तर दुकानदार नाही म्हणतो. आकडे सांगितले की मागच्या खणातून काढून देतो. प्लग, चेन, टायर, बल्ब हे सगळे याच जातीतले. पण टाकीवरचा बिल्ला, बाजूच्या पेटीचं झाकण, स्पीडोमीटरची काच, गिअर बदलणारा फोर्क? यांना प्रमाणित माप नाही. कारखाना गेला की तेही गेले.

आणि सीलसारखी वीस-तीस रुपयांची वस्तू किती महत्त्वाची असते हे टू-स्ट्रोकच शिकवतं. या इंजिनात पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण खाली क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि पिस्टन खाली येताना तेच दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हाच एक पंप. क्रँकच्या टोकाचं सील कडक झालं की तिथून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. इंजिनचं वंगणही पेट्रोलमधूनच येत असतं, लिटरला चाळीसेक मिली तेल. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. घाटात जाम होणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या मुळाशी असं एखादं वाळलेलं रबर असतं.

पुण्यात नाना पेठेत एक जुने दुकानदार भेटले. मी मोबाईलवरची यादी दाखवली, प्रत्येक पार्टपुढे ‘ओरिजिनल’ लिहिलेलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “गाडी दाखवायला करताय की चालवायला?” मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, “मग दोन याद्या करा.”

त्या रात्री मी खरंच दोन याद्या केल्या. चालवायच्या यादीत पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉडचा किट, सील, बेअरिंग, पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेटा, ब्रेक लायनर. दाखवायच्या यादीत बिल्ले, मूळ रंग, मूळ कार्बोरेटर, मूळ सीटचं कव्हर. पहिली यादी सहा महिन्यांत संपली. दुसरीसाठी जुना बाजार झाला, बुधवारी सुट्टी टाकून आणि रविवारी पहाटे उठून. बंगळुरूच्या जे. सी. रोडवर एका मित्राला पाठवलं, दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअर मागवलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बाराला कोणी बिल्ल्यांचा फोटो टाकला की मिनिटभरात सात जण ‘इंटरेस्टेड’ लिहितात. आठव्याच्या नशिबी काही नाही.

याच काळात क्रँककेसला तडा सापडला. केसाएवढा, पण तेल झिरपणारा, आणि तोही इंजिन नंबर कोरलाय त्या अर्ध्या भागावर. एकाने भंगारातल्या गाडीची चांगली क्रँककेस देऊ केली, मूळ कंपनीची. पण तिच्यावरचा नंबर वेगळा. आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर. बाकी सगळं बदला, गाडी तीच. इंजिनचा नंबर बदलला तर कागदावरही बदल करून घ्यायचा. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करण्याचा नियम २०२१ साली आला, पण तो पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना, आणि तशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. आमची गाडी सर्वसाधारण म्हणायला म्हातारी, व्हिंटेज म्हणायला तरुण.

आम्ही तडा जोडायचं ठरवलं. उद्यमनगरात आर्गन वेल्डिंग करणाऱ्याने केस हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाला, “पस्तीस वर्षं तेल प्यालंय हे.” ॲल्युमिनियम तापवलं की त्याच्या छिद्रांतून जुनं तेल घामासारखं वर येतं, त्यावर वेल्डिंग धरत नाही. त्याने चार वेळा तापवलं, चार वेळा पुसलं, मग टाका मारला. नंबर शाबूत.

मागच्या चाकाचा स्विंग आर्म काढला तेव्हा आत दोन पिवळसर बुश निघाले. मी नवे आणले होते, पाकीटबंद. पप्पांनी जुना बुश रॉकेलमध्ये धुतला आणि अंगठा आत फिरवला. “हा कंपनीचा न्हाई. ९३ साली केलाय. म्हैसूरचा माल यायला पंधरा दिवस लागणार हुते आणि मला पहाटे ड्युटी.” उद्यमनगरातल्या एका टर्नरने रात्री दुकान उघडं ठेवून गनमेटलचा तुकडा लेथला लावला होता. त्याने विचारलं, कुठल्या रस्त्यानं फिरतोस? पप्पांनी गावांची नावं सांगितली. चिखल, पाणी, ओढे. मग त्याने आपल्या मनाने आतून एक नागमोडी चर पाडली, ग्रीस टिकायला. ती चर बोटाला अजून लागत होती. मी मायक्रोमीटर लावला. तेरा वर्षं त्या रस्त्यांवर फिरून झीज पाच-सहा शतांश मिलिमीटर.

मी नवं पाकीट फोडलं नाही. दाखवायच्या यादीला या बुशचं काय करायचं ते कळत नव्हतं. चालवायच्या यादीला कळत होतं. त्या दिवसापासून दाखवायच्या यादीतल्या बऱ्याच ओळी मी खोडल्या. सीटखालची वेल्डिंगची पट्टी राहिली. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर राहिला, कारण पप्पांनी तो बसवल्यापासून गाडी थंडीत एका किकला सुरू व्हायची. डाव्या पेटीचा पोचा राहिला. गाडी १९८७ च्या शोरूममध्ये एक दिवस होती. या माणसाकडे ती एकोणीस वर्षं चालली. मला कुठल्या गाडीची दुरुस्ती करायची होती, ते आता ठरलं होतं.

इथे लेख संपवता आला असता, पण बिल्ले राहिले. टाकीवरचे, जोडी, एनओएस, २,२०० रुपये. खोडलेल्या यादीतले, पण आधीच पोस्टाने आलेले. पप्पांना किंमत सांगितल्यावर ते म्हणाले, “एवढ्यानं गाडी पळती व्हय?” मी म्हटलं, नकोच बसवायला, तुमच्या गाडीवर नव्हतेच ना. त्यांनी कागद उलगडला. बराच वेळ बघत राहिले.

“चोरले हुते,” ते म्हणाले. “९१ ला, स्टँडवरनं. दुकानात गेलो दोनदा. पण तुझ्या ताईची फी भरायची हुती.” मग बिल्ला टाकीवर धरून, अंदाज घेऊन म्हणाले, “बसव. तवा परवडलं न्हाई, म्हणून नव्हते.”

मी त्यांच्या सगळ्या जुगाडांना ‘त्यांची निवड’ म्हणून जपत होतो. त्यातली किती निवड होती आणि किती नाइलाज, हे फक्त तेच सांगू शकत होते. म्हणून त्यानंतर प्रत्येक पार्टला मी एकच विचारलं, हे तुम्हाला असं हवं होतं का? कार्बोरेटर, हो. बुश, हो. वेल्डिंगची पट्टी, नाही, “ती लाज हाय, काढ.” पेटीचा पोचा, “राहू दे, तो तुझ्या आईनं पाडलाय.” यावर ते हसले, आणि आई गाडी शिकायला गेली होती ती सबंध हकिगत सांगितली, अर्धा तास.

गाडी गेल्या फेब्रुवारीत रस्त्यावर आली. पप्पांचा गुडघा किक मारू देत नाही, म्हणून किक मी मारतो आणि ते पुढे बसतात. पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळपर्यंत जाऊन येतो. आता शनिवारचा फोन तेच करतात, बहुतेक वेळा आयडलिंगविषयी.

त्या बुशचं मी कॅडवर ड्रॉइंग केलं, चरीसकट. टर्नर आता नाहीत. त्यांचा मुलगा सीएनसी चालवतो. एक नग करायला तो तयार नव्हता, म्हणाला निदान दहा घे. दोन पप्पांनी तेल लावून डब्यात ठेवले. उरलेल्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. नाशिकच्या एका मुलाचा मेसेज आला, ‘भाऊ, ओरिजिनल आहे का?’

मी त्याला विचारलं, गाडी कुठल्या रस्त्यावर चालवतोस?