तीनशे बॉडची अट

२१ डिसेंबर २०२२, एडिसन, न्यू जर्सी

ॲरिझोनाच्या काँग्रेस सदस्य डेबी लेस्को यांनी काल प्रतिनिधिगृहात विधेयक मांडलं. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यांवरची ३०० बॉडची अट एफसीसीने, म्हणजे दळणवळण आयोगाने, काढावी आणि तिच्या जागी सिग्नलच्या रुंदीला २.८ किलोहर्ट्झची मर्यादा घालावी, एवढंच त्यात आहे. आमच्या राष्ट्रीय संघटनेने, एआरआरएलने, हीच मागणी नोव्हेंबर २०१३मध्ये आयोगाकडे रीतसर केली होती. जुलै २०१६मध्ये आयोगाने नियमबदलाचा प्रस्ताव काढला, लोकांची मतं मागवली, आणि फाइल तिथेच पडून राहिली. मूळ अट १९८०ची आहे. घरचे संगणक टेलिफोनच्या तारेवरून ३०० बॉडने बोलत, त्या काळातली.

सभागृहाची मुदत ३ जानेवारीला संपते. तेवढ्यात हे मंजूर होणं नाही. तरी बरं वाटलं. आयोगाला जाब विचारणारं कुणीतरी उभं राहिलं.

५ जानेवारी २०२३

मुदत संपली, विधेयक बाद. आमच्या भागाच्या प्रतिनिधींच्या कचेरीत भेटीची वेळ मागितली आहे.

१६ फेब्रुवारी

प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये होते, त्यांची सहायक भेटली. पंचविशीतली मुलगी, हॅम रेडिओ हे नाव फक्त सिनेमात ऐकलेलं. मी कागद उलटा करून आकृती काढली. बॉड म्हणजे सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो ते. पॅक्टर-३ हा मोडेम एका वेळी अठरापर्यंत स्वर सोडतो, प्रत्येक स्वर १०० बॉडचा, म्हणून तो कायद्यात बसतो. पॅक्टर-४ एकाच वाहक लहरीवर १८०० बॉडने चालतो, म्हणून तो बेकायदा. दोघांची रुंदी साधारण सारखीच, २.४ किलोहर्ट्झच्या आसपास. वेग मात्र नव्याचा जवळपास दुप्पट.

तिने अठरा रेघांवर पेन्सिल टेकवली, मग एका जाड रेघेवर. “म्हणजे जागा तेवढीच, वेळ निम्मा?”

तेच.

मग तिने विचारलं, “इतकं सरळ आहे, तर हरकत कुणाची?” या प्रश्नाला पूर्ण उत्तर देणं भाग होतं. २०१६मध्ये आयोग बॉडची अट काढायला तयार होता, पण रुंदीची मर्यादा घालायला नाही. तशाने रुंद सिग्नल येऊन मोर्सवाल्यांना पट्ट्यावर जागाच उरणार नाही, ही भीती खरी होती. आमच्यातच दोन तट पडले. आयोगाला थांबायला निमित्त मिळालं, हेही मी सांगितलं. लपवलं असतं तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, आणि मग आमच्या म्हणण्याला कुणी विचारलं नसतं.

निघताना ती म्हणाली, एका पानाचं पत्र द्या, फाइलचा क्रमांक घाला, आणि आमच्याकडून नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा. क्रमांक १६-२३९. वाक्य असं लिहिलं: ‘या प्रकरणी निर्णय कधी होणार, हे आयोगाच्या अध्यक्षांना लेखी विचारावं.’ निर्णय आमच्याच बाजूने द्या असं लोकप्रतिनिधीने सांगावं, असं मला वाटत नाही. पण आयोगाला तारीख विचारणं हे त्याचं कामच आहे.

१२ मार्च

आमच्या हॅम क्लबात एका ज्येष्ठ सदस्यांनी पत्रावर सही केली नाही. हे मोडेम संदेश दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतात, तिसऱ्या माणसाला ते हवेतून वाचता येत नाहीत. हौशी रेडिओवर गुप्त असं काही नसावं, हा आमचा पहिला नियम. त्यांचा मुद्दा मला पटतो. रेडिओवरून ईमेल पोचवणाऱ्या विनलिंकने संदेश इतर हॅमना पाहता येतील अशी सोय केली, ती अशाच आग्रहामुळे. पण त्या काळजीला बॉडची अट हा उपाय नाही. आज कायदेशीर असलेला पॅक्टर-३सुद्धा संदेश दाबूनच पाठवतो.

२० सप्टेंबर

मारिया वादळ प्वेर्तो रिकोवर धडकलं त्याला आज सहा वर्षं झाली. बेटावरची वीज गेली, मोबाइलचे मनोरे गेले. रेड क्रॉसने हॅम मागवले. ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढा निरोप बाहेर जावा म्हणून लोकांची नावं रेडिओवरून पाठवायची होती. आणि पॅक्टर-४ वापरण्यासाठी आधी आयोगाकडून तात्पुरती सवलत मागावी लागली! ती ऑक्टोबरमध्ये मिळाली, तीस दिवसांपुरती. पुढच्या वादळांतही तेच झालं: आधी वादळ, मग अर्ज, मग परवानगी. ज्या नियमाला दर संकटात बाजूला सारावं लागतं, तो नियम वाईटच.

२४ ऑक्टोबर

आयोगाच्या अध्यक्ष जेसिका रोझेनवर्सेल यांनी अट काढण्याचा आदेश मतदानासाठी सहकाऱ्यांकडे पाठवला. लेस्कोबाईंनी जाहीर समाधान व्यक्त केलं. सहायक मुलीला कळवलं.

१४ नोव्हेंबर

काल आदेश मंजूर. ३०० बॉडची अट गेली, २.८ किलोहर्ट्झची मर्यादा आली. मोर्सवाल्यांनाही संरक्षण मिळालं. मागणीला दहा वर्षं पुरी व्हायला दोन दिवस कमी होते.

८ जानेवारी २०२४

आजपासून नियम लागू. व्हीएचएफ आणि यूएचएफ पट्ट्यांवरच्या अशाच अटींबद्दल आयोगाने मतं मागवली आहेत. क्लबाचं पत्र तयार होतं आहे.

संध्याकाळी सांगलीहून भाच्याचा फोन. हॅमची परीक्षा पास होऊन बसलाय, परवान्याचा पत्ता नाही. “मामा, तिकडे जमलं, इथे कोण ऐकणार?” त्याला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. तुमचे खासदार लोकसभेत दूरसंचार मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारू शकतात. अर्जाची तारीख, पावती क्रमांक आणि परीक्षेचा निकाल जोडून एका पानाचं पत्र करा. तुमच्यासारखे अडकलेले आणखी चार जण गाठा, सगळे मिळून मतदारसंघातल्या कार्यालयात जा. आणि एकच गोष्ट मागा: परवाना कधी मिळणार, त्याची तारीख.