वगळलेल्या अकरा कंपन्या

टोकियोच्या कोतो प्रभागात, ओजिमाच्या वसाहतीत आमचे बिऱ्हाड आहे. सुमिदा नदी ओलांडली की काबुतोचो, म्हणजे इथला शेअर बाजार. मे महिन्याच्या मध्यास तिथे कंपन्यांच्या वार्षिक निकालांची झुंबड उडते. बहुतेक जपानी कंपन्यांचे वर्ष आपल्याप्रमाणेच मार्चअखेर संपते, आणि निकाल ४५ दिवसांत यावा असा बाजाराचा आग्रह असतो. इतकी वर्षे इथे राहूनही आम्हांस याचा पत्ता नव्हता. आम्ही संगणक अभियंता. नफ्यातोट्याशी आमचा संबंध पगाराच्या चिठ्ठीपुरताच होता.

तो वाढला मेलबर्नच्या भाचीमुळे. तीन वर्षांची वाणिज्य पदवी झाल्यावर तिने ऑनर्सचे चौथे वर्ष घेतले. तिथे या वर्षात प्रबंध लिहावा लागतो. ताईला ते पटले नव्हते. "पोरीला नोकरी मिळत होती, अजून एक वर्ष कशाला?" असे ती म्हणे. भाचीला पीएच.डी. करायची होती, आणि त्यासाठीची शिष्यवृत्ती बहुधा प्रथम श्रेणीवाल्यांनाच मिळते. बाबासाहेबांचा कोलंबियातील प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता, १९२५ साली त्याचे पुस्तक झाले, हे आम्हीच ताईला ऐकवले होते. तेव्हा जबाबदारी आमच्यावरही आली.

लेखाशास्त्रातील अनुभवाधिष्ठित संशोधनाचा आरंभ रे बॉल आणि फिलिप ब्राउन या दोन ऑस्ट्रेलियनांच्या १९६८च्या निबंधापासून धरतात. २६१ अमेरिकन कंपन्यांचा नफा आणि शेअरच्या किमती त्यांनी ताडून पाहिल्या. किंमत हलते ती नफ्याने नव्हे, तर अपेक्षेहून वेगळ्या नफ्याने. आणि वार्षिक आकडा जाहीर होईतो त्यातली बहुतेक बातमी बाजाराने आधीच पचवलेली असते, असे त्यांना आढळले. हा निबंध एका मान्यवर नियतकालिकाने 'हे लेखाशास्त्रच नव्हे' म्हणून परत पाठवला होता. (आपल्या लोकांना हे परत पाठवणे नवीन नाही.)

अपेक्षा मोजायची कशी, हीच यातली अवघड जागा. जपानात बहुतेक कंपन्या निकालासोबत पुढील वर्षाच्या नफ्याचा अंदाज स्वतःच देतात. म्हणून भाचीने जपानमधल्या लहान कंपन्या निवडल्या: अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील फरकाने किंमत किती हलते? 'केस्सान तान्शिन' नावाची निवेदने वाचून आकडे काढण्याचा प्रोग्रॅम आम्ही लिहिला. कंपन्या १४०. रात्री मुले झोपली की आम्ही त्यावर बसत असू.

निष्कर्ष क्षीण आला. संबंध दिसत होता, पण तो योगायोगही असू शकेल इतका पुसट.

आम्ही काय केले ते लपवीत नाही. ज्या कंपन्यांचे आकडे 'विचित्र' वाटले अशा ११ वगळल्या, प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि चित्र एकदम ठळक झाले. रात्री एक वाजता तो तक्ता आम्ही आनंदाने भाचीस पाठवला. प्रथम श्रेणी आम्हांस समोर दिसत होती.

सकाळी तिचा फोन आला. "मामा, या अकरा का काढल्या?"

आम्ही म्हणालो, "आकडे टोकाचे होते."

"टोकाचे म्हणजे किती, हे तुम्ही आधी ठरवलं होतं, की निकाल बघून?"

आम्ही उत्तर दिले नाही. ती रागावली नव्हती, ह्याचेच अधिक वाईट वाटले. कचेरीत चाचणी नापास झाली म्हणून कुणी चाचणीच पुसून टाकली, तर आम्ही त्यास फैलावर घेतो. घरच्या मुलीसाठी आम्ही तेच केले होते. तेही तिने न मागता. तिच्या वर्गात आपल्या समाजातली ती एकटीच. त्या भीतीने आमचा हात चालला, असे आज वाटते.

अकराही कंपन्या परत आल्या. प्रबंधात तिने पुसट निष्कर्ष जसाच्या तसा मांडला. शिवाय एका परिच्छेदात, या ११ काढल्यास चित्र कसे पालटते आणि त्या काढण्यास आधी ठरवलेला आधार का नाही, हेही लिहिले. परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्याच परिच्छेदावर विचारले म्हणे.

शिष्यवृत्तीचे अजून कळलेले नाही. ताई आम्हांस रोज विचारते.